बादलीवर उतरणारं विमान

आधीच सांगून टाकतो, मी माफी मागणार नाही. सोसायटीच्या कमिटीने ती मागितली आहे, सर्वांसमक्ष मागितली आहे आणि वर 'नुसती दिलगिरी व्यक्त केलीत तरी चालेल' अशी सूटही दिली आहे. ती सूटही मला नको. ज्याच्या घरात छतातून पाणी टपकत होतं त्याने छपरावर विमान उतरवलं म्हणून दिलगीर व्हायचं, आणि ज्यांच्या ताब्यात ते छप्पर आहे त्यांनी टेबलामागे बसून ती दिलगिरी स्वीकारायची, हा न्याय मला मान्य नाही.

'विमान' हा शब्दही त्यांचाच. माझ्याकडे होतं ते घडी घालून कोटाच्या खिशात मावेल एवढं ड्रोन. पण सूचनाफलकावर 'विमान' असं झळकलं आणि तेव्हापासून कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा मला "काय पायलट, आज सुट्टी का?" असं विचारतो. मी उत्तर देत नाही. शर्ट मात्र अजून त्याच्याकडेच टाकतो, कारण कॉलर त्याच्यासारखी दुसरं कोणी करत नाही.

झालं असं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर उतरत्या पत्र्यांचं छप्पर, त्याखाली फॉल्स सीलिंग आणि त्याखाली आम्ही. मागच्या खोलीत माझे वडील राहायचे. एका सकाळी त्यांच्या उशीवर थेंब पडला. आम्ही पलंग सरकवला, तर थेंबानेही जागा बदलली. पलंग पुढे, थेंब मागे असा खेळ काही दिवस चालला. शेवटी खोलीच्या मधोमध बादली आली आणि बाबा हॉलमध्ये आले.

बाबांनी तक्रार केली नाही, हीच माझी तक्रार आहे. हॉलमध्ये झोपायला लागल्यापासून ते सगळ्यांच्या आधी उठायचे, गादी गुंडाळायचे, चादरीची घडी घालायचे आणि सगळं सोफ्यामागे असं दडवून ठेवायचे, की इथे कोणी झोपलं होतं याचा पत्ता लागू नये. मग सोफ्याच्या अगदी कडेला पाहुण्यासारखे बसायचे. स्वतःच्या खोलीत ज्यांचा रेडिओ तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचा, ते हॉलमध्ये रेडिओ कानाला चिकटवून ऐकायचे. एकदा तर त्यांनी मला, "पंखा लावला तर चालेल ना रे?" असं विचारलं. ज्या माणसाने मला कान पिळून पाढे शिकवले, तो माणूस मला पंख्याची परवानगी मागतो! मला संताप आला. बाबांना त्यांची खोली परत मिळवून द्यायची, एवढंच मला हवं होतं.

मी सेक्रेटरींकडे गेलो. आमचे सेक्रेटरी सभ्य गृहस्थ आहेत. ते कधीही आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणारा माणूस आपोआप आरडाओरडा करणारा ठरतो.

"ती गळती नाही," ते म्हणाले. "दमटपणा आहे."

"अहो, बादली भरते."

"दमटपणा जास्त आहे. घरात माणसं किती?"

"तीन."

"मग श्वासोच्छ्वास होतच असणार," ते सहानुभूतीने म्हणाले.

"आम्ही श्वास घेतो म्हणून बादली भरते?"

"मी तसं म्हटलं नाही. पण छपराला भोक आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर पुरावा आणा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. 'पुरावा आणा' हे वाक्य मी आयुष्यभर टेबलाच्या एका बाजूने ऐकलं होतं, म्हणजे स्वतःच्या तोंडून. दुसऱ्या बाजूने ते इतकं निर्लज्ज ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती.

"मग मला छपरावर जाऊ द्या," मी म्हणालो.

"छपरावर जायला कोणालाही परवानगी नाही. नियम आहे."

"निदान सीलिंगचा एक तक्ता काढून बघतो."

"सीलिंग सोसायटीची मालमत्ता आहे. तिला हात लावलात तर पुढची सगळी जबाबदारी तुमची."

छपरावर न जाण्याचा हा नियम कधीतरी एका अँटेनावाल्याच्या पायाखाली पत्रा तडकला तेव्हा झाला होता. त्याला आजवर एकच अपवाद झाला. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीला 'उत्कृष्ट व्यवस्थापन' म्हणून बक्षीस मिळालं, तेव्हा सेक्रेटरींनी छपरावर दिवे लागणारा भला मोठा फलक बसवून घेतला. त्यासाठी माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी गाडी आली होती. फलक इमारतीच्या पुढच्या बाजूला आणि बाबांची खोली मागच्या बाजूला, त्यामुळे फलकाचा आणि दमटपणाचा काडीचाही संबंध नाही, हे सेक्रेटरींनी मी न विचारताच मला दोनदा सांगितलं होतं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "ड्रोन आणतो."

बायको भाजी निवडत होती. "इतक्या वर्षांत पंखा पुसायला स्टुलावर चढला नाहीत," ती म्हणाली. "आता एकदम आकाश?"

"आकाशात मी जायचं नाही. तेच तर त्यातलं तंत्रज्ञान आहे."

शेजारच्या 'अनुभवीं'ना ही बातमी भिंतीतूनच कळली असावी. त्यांचं खरं नाव सोसायटीत कोणी घेत नाही. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या साडूने आधी केलेली असते आणि त्या अनुभवावर आमचे अनुभवी जगतात. ते चप्पल घालून तयारच होते.

"मी येतो दुकानात. तुम्हाला फसवतील. माझ्या साडूला फसवलं होतं."

"ड्रोन घेताना?"

"नाही, मिक्सर घेताना. पण दुकानदार सगळे सारखेच."

दुकानदार तरुण होता आणि माझ्याकडे त्या वयाचे लोक सासऱ्याकडे बघतात तितक्याच आदराने आणि तितक्याच काळजीने बघत होता. "आता पूर्वीसारखं राहिलं नाही, साहेब," तो म्हणाला. "पूर्वी माणूस उडवायचा आणि ड्रोन पडायचं. आता ते स्वतःच उडतं, तुम्ही फक्त बघायचं. याला सगळ्या बाजूंनी डोळे आहेत. भिंत आली की थांबतं, फांदी आली की वळसा घालतं. तळहातावर ठेवलं की उठतं. स्क्रीनवर एखाद्या माणसावर बोट ठेवलं की त्याच्या मागेमागे जातं. उतरायची जागा नीट बघून लक्षात ठेवतं. आणि बॅटरी संपत आली की कोणाला न विचारता घरी परत येतं."

"एवढे गुण आमच्या घरात एकाही माणसात नाहीत," मी म्हणालो आणि ते घेऊन टाकलं. अनुभवींनी जाता जाता दुकानदाराला मिक्सरबद्दल चार शब्द सुनावले.

मी कायदा पाळणारा माणूस आहे, ही माझी जुनी अडचण आहे. दुसऱ्या कोणी सरळ गॅलरीतून उडवलं असतं. मी उड्डाण खात्याच्या कचेरीत गेलो. तिथे खिडकीच्या आत एक साहेब बसले होते. त्यांनी माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वैमानिक कोण?"

"मीच."

त्यांनी मला चष्म्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "कशावरून उडवणार?"

"आमच्या छपरावरून. म्हणजे सोसायटीच्या."

"मग सोसायटीची हरकत नाही असं आणा."

"पण त्यांची हरकत आहे. म्हणून तर उडवायचंय."

"मग हरकत आहे असं आणा. काहीतरी आणा. नुसते हात हलवत काय येता?"

मी खचलो नाही. "घरात उडवलं तर?"

"घरातलं आकाश आमच्याकडे येत नाही."

"आणि दोरी बांधून उडवलं तर?"

साहेब थांबले. हा प्रश्न त्यांना बहुधा नोकरीत पहिल्यांदाच पडला होता. ते आतल्या साहेबांकडे गेले, आतले साहेब त्यांच्या आतल्या साहेबांकडे गेले, आणि बऱ्याच वेळाने चहाचा वास घेऊन परत आले. "बांधलेलं असेल तर ते विमान धरत नाहीत," ते म्हणाले. "ते सामान."

मी उड्या मारतच घरी आलो. सरकारने माझ्या सामानाला आकाश मोकळं करून दिलं होतं.

सराव बाबांच्या खोलीत करायचा ठरवला, कारण रिकामी खोली तेवढीच होती. खोलीत बादली, कपाट आणि पडदे काढलेली मोठी खिडकी. मी फोन हातात घेतला, ड्रोन बादलीशेजारी ठेवलं आणि स्क्रीनवर प्रश्न आला, 'ही जागा घर म्हणून नोंदवायची का?' त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे. मी बाबांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, आत यायचं की नाही अशा विचारात. मी जोरात 'हो'वर बोट दाबलं.

ड्रोन घूं घूं करत उठलं, भिंतीजवळ जाऊन थांबलं, कपाटाला वळसा घालून आलं आणि बादलीच्या वर तरंगत राहिलं. बादलीत थेंब पडला की ते दचकून बोटभर बाजूला व्हायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. बाबा हसले. कित्येक दिवसांनी हसले. "अरे, याला पण कळतंय की गळतंय," ते म्हणाले आणि आत येऊन खिडकीशी बसले. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव 'पाखरू' ठेवलं. रोज संध्याकाळी मी पाखरू उडवायचो, बाबा सूचना द्यायचे आणि पाखरू दर वेळी बादलीपाशी अचूक येऊन बसायचं. बायको दारातून म्हणायची, "दोघं बापलेक अगदी वेडे झालात," पण तीही चहा तिथेच आणून द्यायची.

मग तो रविवार उजाडला. आकाश स्वच्छ होतं. मी गॅलरीत उभा राहिलो. दोरीचा प्रश्न बायकोने सोडवला होता, म्हणजे मी तिची कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाने सोडली होती आणि ती स्वयंपाकघरात होती. दुसरं टोक कठड्याला पक्कं होतं. दोरीवर अजून दोन-चार कपडे होते, पण ते मध्येच उतरवत बसलो असतो तर धीर गळाला असता.

"पाखराला गाठ मी मारतो," अनुभवी म्हणाले. "माझा साडू बोटीवर होता."

"कोणत्या बोटीवर?"

"प्रवासी म्हणून."

फोनने पुन्हा विचारलं, 'नवीन जागा घर म्हणून नोंदवायची का?' आता, मला शहाणपण असतं तर मी 'हो' म्हटलं असतं. पण तो प्रश्न माझ्या डोळ्यांत खुपला. घर बदलायचं? माझ्या बापाला एकदा हॉलमध्ये काढलं तेवढं पुरे नाही का झालं? मी स्पष्ट शब्दांत फोनला म्हणालो, "नाही. घर तेच." आणि 'नाही' दाबलं. यातसुद्धा माझी चूक होती असं मी म्हणणार नाही.

पाखरू कठड्यावरून उठलं. खाली आवारात सेक्रेटरी फिरायला निघाले होते, हात जोरजोरात हलवत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मला स्क्रीनवर छप्पर बघायचं होतं, पण आधी दिसले ते सेक्रेटरी. मी त्यांना बाजूला सारावं म्हणून स्क्रीनवर बोटाने ढकललं. बोट त्यांच्यावर टेकलं आणि त्यांच्याभोवती हिरवी चौकट उमटली. फोनमधली बाई अतिशय शांत आवाजात म्हणाली, "आता मी यांच्या मागे जाईन."

पाखराने तोंड फिरवलं आणि ते खाली गेलं. दोरी ताणली गेली, अनुभवींची गाठ तशीच राहिली आणि कठड्याकडची, जी वर्षानुवर्षं कोणी बघितली नव्हती, ती सुटली. पाखरू दोरीसकट निघालं. दोरीला चिमट्याने लावलेला एक पांढरा अभ्रा आणि माझा एक मोजा असं सगळं मागोमाग निघालं.

सेक्रेटरींनी आधी आवाज ऐकला, मग वर पाहिलं, मग चालण्याचा वेग वाढवला. पाखरानेही वाढवला. ते थांबले, तेही थांबलं. त्यांनी झाडाभोवती चक्कर मारली, तर त्याने झाडाला सुरेख वळसा घातला. दुकानदाराने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. "बंद करा!" सेक्रेटरी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला आणि अख्ख्या सोसायटीने तो ऐकला. ते वॉचमनच्या खोलीत घुसले आणि दार लावून घेतलं. पाखरू बाहेर त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, अभ्रा फडफडवत वाट बघत राहिलं.

"लाल बटण दाबा," अनुभवी म्हणाले.

"लाल बटणच नाही याला."

"माझ्या साडूच्या मिक्सरला होतं."

मी जे दिसेल ते दाबत होतो. गॅलऱ्या भरल्या होत्या. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने रिकामा कठडा पाहिला, खाली पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "नवा अभ्रा होता तो." तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, "बॅटरी कमी आहे. मी घरी परत जात आहे."

मी हुश्श केलं आणि शेजारच्यांना दिसेल असा हात पुढे केला. पाखरू सरळ वर आलं, माझ्या हातासमोरून गेलं, माझ्याकडे बघितलंही नाही आणि छपरावर दिसेनासं झालं. वर पत्र्यावर बारीकसा आवाज झाला आणि मग सगळं शांत झालं.

"बाबा!" मी आत धावलो. बाबा त्यांच्या खोलीत, बादलीपाशी उभे राहून वर बघत होते. "इथेच बसलंय ते," ते म्हणाले. "माझ्या डोक्यावर. घरी आलंय, पण छप्पर आडवं आलं बिचाऱ्याला."

फोनचा पडदा अजून चालू होता. पाखरू छपरावर बसून समोर बघत होतं आणि समोर जे होतं ते बघून मी जमिनीवरच बसलो. फलकाला वाऱ्याने हलू नये म्हणून मागून तारांचे ताण दिले होते. त्यातली एक तार पुढच्या बाजूकडून थेट मागे आली होती आणि बाबांच्या खोलीवरच्या पत्र्यात भोक पाडून हुकाला अडकवली होती. हुकाभोवती पत्रा तडकला होता. उत्कृष्ट व्यवस्थापनाचा सगळा भार माझ्या वडिलांच्या उशीवर आला होता.

मी फोन घेऊन खाली गेलो. सेक्रेटरी वॉचमनच्या खोलीतून बाहेर आले होते आणि कपडे झटकत होते. मी पडदा त्यांच्यासमोर धरला.

"हा घ्या पुरावा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा आवाज पुन्हा जागेवर आला. "हा फोटो विनापरवाना आहे," ते म्हणाले. "विनापरवाना फोटोत दिसणारं भोक सोसायटीला मान्य करता येत नाही." आणि तेवढ्यात पाखराची बॅटरी संपली, फोनमधली बाई 'धन्यवाद' म्हणाली आणि पडद्यावरचं चित्र गेलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं असतं. पण सेक्रेटरींनीच मला वाचवलं. "तुमचं विमान छपरावरून ताबडतोब काढा," ते म्हणाले.

"जमणार नाही."

"का?"

"छपरावर जायला कोणालाही परवानगी नाही. नियम आहे."

मागे उभं असलेलं कोणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "छपराच्या पुढच्या कडेवरून दोरीला अभ्रा लोंबतोय, फलकासमोर! पांढरं कापड! लोकांना काय वाटेल?"

"काहीही वाटो. पांढरं आहे म्हणजे आम्ही शरण आलो असा अर्थ नाही. धुतलेलं आहे, एवढाच अर्थ."

संध्याकाळी सूचनाफलकावर ते 'विमान' प्रकरण झळकलं. जिन्यात तातडीची सभा झाली. त्यात माझ्यावर शांतताभंग, पाठलाग आणि इमारतीचं विद्रूपीकरण असे तीन आरोप ठेवले गेले. ज्या छपरावर गळतीसाठी माणूस चढवता येत नव्हता, त्याच छपरावर एक अभ्रा काढायला पाळण्याची गाडी दुसऱ्याच सकाळी बोलवायचं एकमताने ठरलं. मी हात वर केला नाही, पण मोजणाऱ्याने मला धरलंच नाही.

घरी आलो तर हॉलमध्ये गादी नव्हती. सोफ्यामागेही नव्हती. बाबांनी ती ओढत ओढत स्वतःच्या खोलीत नेऊन बादलीला खेटून अंथरली होती.

"बाबा, पाणी पडेल."

"पडू दे. ते वर एकटं बसलंय माझ्यासाठी, आणि मी हॉलमध्ये जाऊ?" त्यांनी रेडिओ मोठा केला. "आणि पंखा मी लावलाय. विचारलं नाही."

सकाळी गाडी आली. अख्खी सोसायटी आवारात जमली. सेक्रेटरी पुढे होते, पाळणेवाल्याला हातवारे करून दिशा दाखवत. मी खिडकीतून डोकं काढून उभा होतो आणि बायको माझा शर्ट मागून धरून. पाळणा वर गेला आणि पाळणेवाला हळूच छपरावर उतरला. त्याच्या पावलांचा आवाज आमच्या डोक्यावरून मागच्या खोलीकडे जाऊ लागला.

"डावीकडे!" सेक्रेटरी खालून म्हणाले. "फक्त विमान उचला आणि या! इकडेतिकडे बघू नका!"

आता, कोणाला 'इकडेतिकडे बघू नका' म्हटल्यावर तो न बघता राहिला आहे असं माझ्या तरी ऐकिवात नाही. पावलं थांबली. मग पत्र्यावर टकटक झाली. आतल्या खोलीत बाबा गादीवरून उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि पाहुण्याने दार वाजवलंय असं समजून सीलिंगवर खालून टकटक केली.

"बाबा, सीलिंग सोसायटीची मालमत्ता आहे!" मी ओरडलो.

"मग सोसायटीलाच परत देतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी काठी आणखी जोरात मारली.

किती दिवसांचं पाणी प्यायलेला तो तक्ता. तो नुसता फुगलेला होता. त्याने एक सुस्कारा टाकला आणि तुकड्यातुकड्यांनी बादलीत आला. पाणी, चिखल आणि धूळ उडाली, आणि धुळीतून उन्हाची एक तिरीप सरळ बाबांच्या पांढऱ्या केसांवर पडली. मग वरच्या भोकाला एक डोळा लागला.

"आजोबा!" डोळा म्हणाला. "तुम्ही दिसताय मला!"

"तूही दिसतोस," बाबा म्हणाले. "चहा घेणार का?"

पाळणेवाला उभा राहिला आणि आवाराकडे तोंड करून त्याने जी आरोळी ठोकली, ती रस्त्यावरच्या माणसांनीही ऐकली. "अहो, खाली आजोबा बसलेत! तुमच्या बोर्डाच्या तारेने भोक पाडलंय इथे! मूठ जाईल एवढं!"

आवारातल्या सगळ्या माना एकदम सेक्रेटरींकडे वळल्या. ते फलकाकडे बघत होते. अनुभवी पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "मी तर आधीपासून सांगत होतो." ते कधी काय सांगत होते ते मला माहीत नाही, पण साडूचं नाव न घेता त्यांनी बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं, म्हणून मी ते जाऊ दिलं. पाळणेवाला एका हातात पाखरू आणि दुसऱ्या हातात अभ्रा घेऊन खाली आला आणि खरोखर आमच्याकडे चहाला आला. मोजा मात्र सापडला नाही.

त्याच आठवड्यात पत्रा बदलला, तार काढून दुसरीकडे बांधली आणि बाबांच्या खोलीला नवं सीलिंग आलं. दमटपणा आपोआप थांबला. आम्ही तिघंही अजून श्वास घेतो आहोत.

आणि मग वार्षिक सभेत कमिटीने माझ्या माफीचा विषय काढला. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायला त्यांची हरकत नव्हती, पण सेक्रेटरींचा पाठलाग, वॉचमनची खोली, सीलिंगची मोडतोड, यांबद्दल निदान दोन शब्द. सेक्रेटरी अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, "प्रश्न मोठेपणाचा आहे." सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या शेजारी बसलेली बायकोसुद्धा कुजबुजली, "म्हणून टाका ना, काय जातं?" आणि खरं सांगतो, माझे ओठ हललेही होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काठी वाजली. बाबा उभे होते.

"माझ्या मुलाने माफी मागितली," ते म्हणाले, "तर मी आज गादी घेऊन सेक्रेटरींच्या हॉलमध्ये झोपायला येतो. मला सवय झाली आहे. सकाळी लवकर उठेन, गादी सोफ्यामागे ठेवेन, तुम्हाला कळणारही नाही मी आहे म्हणून. पंखा तुम्हाला विचारूनच लावेन."

मी वळून बघितलं आणि मला कळलं, की त्या सगळ्या दिवसांत त्यांचं पाहुणा होऊन राहणं मला जेवढं खुपत होतं तेवढंच बाबांनाही खुपत होतं, आणि त्यांनी ते माझ्यासाठी दडवलं होतं. सेक्रेटरींनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

पुढच्या सभेतही माझं उत्तर हेच असेल. बाबांची गादी आता दुपारपर्यंत पसरलेली असते. पाखरू कपाटावर बसलेलं असतं आणि रेडिओ तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जातो. आवाज कमी ठेवावा, असं सेक्रेटरींनी परवा कळवलं आहे. त्याबद्दलही मी माफी मागणार नाही.